प्रोफेसरकाकांचा परिचय

अमेरिकेत, डेट्रॉईटजवळ ट्रॉयच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये स्मोक अलार्म वाजायचा तो आईच्या फोडणीने. आईने मोहरी टाकली की बाबा आपण होऊन वर्तमानपत्र घेऊन हॉलमध्ये उभे राहायचे आणि छताकडे वारा घालायचे. एका रविवारी मात्र चूल बंद, आई देवापाशी, आणि तरी अलार्म वाजायला लागला. आवाज वरच्या मजल्यावरून येत होता. बाबा हातातल्या वर्तमानपत्रासकट वर गेले आणि चांगला तासाभराने खाली आले, ते शर्टाला कॉफीचा धूर लावून घेऊन. वर एक उंच, काटकुळा प्राध्यापक राहायला आला होता. तो इथिओपियाचा होता आणि तव्यात कॉफीच्या हिरव्या बिया भाजत होता. दोघांनी मिळून वारा घातला, मग त्याने बाबांना तीन वेळा कॉफी पाजली, कारण त्यांच्याकडे तीनदा प्यायल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नसतं. "आणि ऐक," बाबा आईला म्हणाले, "त्याला मराठी येतं!"

येत होते ते फक्त दोन शब्द. अदिस अबाबाच्या शाळेत त्यांना गणित शिकवायला दामले सर नावाचे मराठी मास्तर होते. त्या काळी तिकडच्या शाळांमध्ये आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक गेले होते. गणित चुकलं की सर वहीवर लाल रेघ मारायचे आणि मराठीत म्हणायचे, "पुन्हा कर." बेकेलेकाकांना तीस वर्षांनंतरही ते तसंच्या तसं म्हणता येत होतं, सरांच्या सुरासकट. बेकेले हे त्यांचं नाव. आम्ही मुलं त्यांना प्रोफेसरकाका म्हणायचो. डेट्रॉईटच्या एका कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, आणि मी हायस्कूलमध्ये टायपिंग शिकत होते म्हणून त्यांचे लेख टाइप करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. शनिवारी सकाळी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून टाइप करायची, ते मागे येरझारा घालत मजकूर सांगायचे. माझी चूक झाली की खांद्यावरून वाकून म्हणायचे, "वैजू, पुन्हा कर."

आईला ते आवडायचे ते त्यांच्या उपवासामुळे. बुधवार-शुक्रवार दुपारपर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतरही मांस नाही, अंडं नाही, इतकंच काय, दूध, दही, तूप काहीच नाही. आईने पहिल्या बुधवारी मोठ्या कौतुकाने त्यांना साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. तिच्यावर तूप पाहून काका इतके अवघडले की शेवटी आईनेच हसत ताटली परत आणली. "आपल्या उपवासाला जे चालतं तेच नेमकं यांच्या उपवासाला चालत नाही," ती म्हणाली, आणि पुढच्या बुधवारपासून त्यांच्यासाठी तेलातली खिचडी, दाण्याची आमटी, ताकाशिवायची भगर असा वेगळा डबा व्हायला लागला. ते आम्हाला त्यांचा इंजेरा द्यायचे. आमच्या आंबोळीचा मोठा, आंबट भाऊच तो. बाबा दोन-दोन खायचे आणि वर लोणचं मागायचे.

त्या वर्षी टीव्हीवर सारखी इथिओपियातली उपाशी मुलं दिसायची. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना काका कुठले ते कळलं की त्यांच्या ताटात जास्तीची पोळी पडायची. काका ती मुकाट्याने खायचे. त्यांच्या देशाच्या उत्तरेत लढाई चालू होती, राज्य लष्कराचं होतं, आणि त्यांचं गाव नेमकं दोन्ही बाजूंच्या मधोमध होतं. हे सगळं ते टाइप करताना बोलायचे, लेखाच्या बाहेरचं. एकदा कॉफी भाजताना त्यांनी मला धाकट्या भावाबद्दल सांगितलं. तो गावच्या चर्चमध्ये पुजारी होता. लष्कराचे ट्रक शाळकरी मुलांना लढाईवर उचलून न्यायला आले की तो त्या मुलांना चर्चच्या आत, ढोल ठेवायच्या चौथऱ्याखाली लपवायचा आणि वर बसून मोठ्याने प्रार्थना म्हणायचा. "लहानपणी तो लपंडावात नेहमी पहिला सापडायचा," काका म्हणाले. "कारण त्याला हसू आवरायचं नाही." मग तवा खाली ठेवून म्हणाले, "हे तुझ्यापाशीच ठेव." त्यांनी भावाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, चर्चचं सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाने मला काहीतरी सांभाळायला दिलं म्हणून मी आठवडाभर मान ताठ करून शाळेत वावरत होते. ती तिन्ही नावं मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

बाबा आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी होते. मोटारींच्या कंपनीत ब्रेक तपासायची त्यांची नोकरी, पण मंडळाच्या कामात त्यांना स्वतःला ब्रेक नव्हता. गणपतीत नुसती आरती आणि जेवण नको, पुण्यासारखं व्याख्यान हवं, असा त्यांचा हट्ट. त्या वर्षी त्यांनी प्रोफेसरकाकांना उभं केलं. शाळेच्या कॅफेटेरियात एका टोकाला थर्मोकोलचं मखर, दुसऱ्या टोकाला मसालेभाताचे ट्रे, आणि मध्ये घडीच्या खुर्च्यांवर दीडशे माणसं. काका सूट घालून, गणपतीपुढे वाकून बोलायला उभे राहिले. शुक्रवार होता आणि ते कॉलेजातून थेट आले होते, त्यामुळे सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.

ते भाषण मी नंतर कॅसेटवरून उतरवून काढलं, म्हणून मला अजून बरंचसं आठवतं. ते म्हणाले, आमच्याकडे दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच संताच्या दिवशी, एकच स्तोत्र म्हणून, एकमेकांच्या मरणाची प्रार्थना करतात. देव कोणाचं ऐकत असेल हा प्रश्न मी लहानपणी विचारायचो, आता विचारतो की आपण देवाला कुठल्या कामाला लावलंय. ते म्हणाले, मी तरुणपणी समजत होतो की शिकलेल्या माणसाने चार लोकांत उभं राहून खरं बोललं की त्याचं काम झालं. आता मला वाटतं, आधी त्याला हे कळायला हवं की त्याच्या खऱ्याची शिक्षा कोण भोगणार आहे. शेवटी ते म्हणाले, "मी आज एकाही माणसाचं नाव घेतलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्याकडे नाव म्हणजे पत्ता असतो."

टाळ्या झाल्या. एक काकू उभ्या राहून म्हणाल्या, "प्रोफेसर, व्हेरी टचिंग. पण एवढा दुष्काळ असताना लढाई कशाला करतात हो?" मागून कोणीतरी "यार, पॉलिटिक्स सगळीकडे सेम" म्हणालं. मग सगळे मसालेभाताकडे वळले.

मंडळाची स्मरणिका दिवाळीला निघायची. मराठी अर्धा भाग आई आपल्या वळणदार अक्षरात लिहायची आणि बाबा त्याच्या झेरॉक्स काढायचे. इंग्रजी अर्धा मुलांसाठी, तो मी टाइप करायची. काकांचं भाषण मी पूर्ण टाइप केलं. त्याच्या आधी वक्त्याचा परिचय लागतो. मी चार ओळी लिहिल्या. पदवी, कॉलेज, दोन पुस्तकं. बाबांनी वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"हा परिचय झाला? मूळ गाव कुठलं, वडील काय करायचे, भावंडं किती, कोण काय करतं, काहीच नाही. माणूस काय आकाशातून पडला?"

"बाबा, इट्स इनफ."

"इनफ नाही. आपल्याकडे अशी ओळख करून देत नाहीत. तुला माहीत असेल ना सगळं? तू तर रोज वर असतेस."

मला माहीत होतं. ते आणखी कोणालाच माहीत नव्हतं. आज मी कितीदा तरी स्वतःला विचारते की तेव्हा माझ्या मनात काय होतं, आणि उत्तर दरवेळी तेच येतं, सांगायची लाज वाटावी असं. मला दाखवायचं होतं की मला माहीत आहे. मी गावाचं नाव लिहिलं, चर्चचं लिहिलं, भावाचं नाव लिहिलं, आणि कौतुकाच्या भरात पुढे हेही लिहिलं की जिवाची पर्वा न करता ते शाळकरी मुलांना युद्धापासून आसरा देतात. बाबा म्हणाले, "आता कसं!" परिचय वक्त्याला आधी दाखवायचा नाही, स्वतःची स्तुती माणसाने स्वतः तपासायची नसते, हा मंडळाचा शिरस्ता. ते वाक्य, नाव म्हणजे पत्ता, मी त्याच दुपारी पुढच्या पानावर टाइप केलं होतं. माझ्या बोटांनी ते केलं आणि डोक्यापर्यंत काही पोचलं नाही.

इथवरसुद्धा कदाचित निभावलं असतं. पण मला आणखी एक सुचलं. दामले सर अजून अदिस अबाबात शिकवत होते. त्यांच्या शाळेचा पत्ता काकांच्या एका जुन्या पाकिटावर मी पाहिला होता. आपल्या विद्यार्थ्याचं भाषण, त्याचा फोटो, एका मराठी मंडळाच्या अंकात छापलेला पाहून म्हाताऱ्या सरांना काय वाटेल! दिवाळीच्या दोन दिवस आधी मी एक प्रत पाकिटात घातली, आत मराठीत चिठ्ठी लिहिली आणि शाळेतून येताना पोस्टात टाकली. काकांना सरप्राइज द्यायचं होतं, म्हणून कोणालाच सांगितलं नाही.

काका त्या आठवड्यात परिषदेला बाहेरगावी होते. परत आले त्या संध्याकाळी बाबांनी त्यांना चिवड्याच्या डब्याबरोबर स्मरणिका दिली. दहा मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. काका दारात उभे होते, पायांत फक्त मोजे, हातात ते पान. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांना म्हणाले, "याच्या किती प्रती बाहेर गेल्या?"

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत, आईने त्यांना पाणी दिलं. मग मात्र बाबांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. घरातल्या उरलेल्या सगळ्या प्रतींमधलं ते पान आईने आणि मी ब्लेडने कापलं. आणि बाबा, ज्यांनी मंडळाच्या अंकात कधी शुद्धिपत्रसुद्धा छापू दिलं नव्हतं, ते वाटलेल्या प्रतींची यादी घेऊन पुढचे चार दिवस ऑफिस सुटलं की बर्फात गाडी काढून घरोघर गेले. मी यादी वाचायला बरोबर असायची. दार उघडलं की, "अहो सेक्रेटरी, एवढ्या थंडीत? या, फराळ करा." बाबा बूट न काढताच दारात उभे राहायचे. "नको, नको. अंकात एक मिस्टेक झालीय. तेवढं पान द्या." एका काकांनी चेष्टा केली, "काय, बायकोचं नाव चुकलं का?" बाबा हसले. गाडीत बसल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

यादीतल्या शेवटच्या नावावर त्यांनी फुली मारली आणि म्हणाले, "सगळी आली. एकही राहिली नाही ना ग?"

मी "नाही" म्हटलं.

तिथे मी थांबते, कारण या सगळ्या हकिगतीत माझा खरा अपराध हा आहे. परिचय लिहिला तो मूर्खपणा होता. पाकीट टाकलं तोही मूर्खपणाच. पण हे "नाही" मी पूर्ण समजून म्हटलं. बाबांचा तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं की पत्र इतक्या लांब पोचायचंच नाही, वाटेत हरवेल. मी रोज देवापुढे उभी राहून ते हरवू दे म्हणून मागायची. त्याच दिवसांत काका वर रेडिओला कान लावून बसलेले असायचे, त्याची खरखर खाली आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. मी तेव्हाच बोलले असते तर त्यांनी कोणाच्या तरी हाती निरोप धाडला असता. भाऊ डोंगरात निघून गेला असता. दिवस होते हाताशी, एक-दोन नाही, पुष्कळ होते. ते सगळे मी गप्प राहून घालवले.

संक्रांतीच्या सुमाराला, एका शनिवारी सकाळी पत्र आलं. आंतरराष्ट्रीय पाकीट, मराठी अक्षर. बाबांनी खुशीत ते मोठ्याने वाचायला घेतलं. आई तिळगुळाचा पाक ढवळत होती. काका नुकतेच खाली आले होते, स्टूलवर बसले होते. दामले सरांनी लिहिलं होतं की स्मरणिका मिळाली, परदेशात राहून आपण भाषा जपता हे पाहून ऊर भरून आला, चिरंजीव बेकेलेचं भाषण दोनदा वाचलं. "मात्र पाकीट टपालातच फोडून पुन्हा चिकटवलेलं दिसलं, आणि भाषणाच्या आधीचं एक पान आत नव्हतं. ते चुकून राहिलं असल्यास..."

बाबांचा आवाज थांबला. त्यांनी ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. आईचं ढवळणं थांबलं. काकांना मराठी कळत नव्हतं, पण पाकिटावरचं तिकीट ओळखू येत होतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "सरांनी काय लिहिलंय?"

बाबांनी पत्राची घडी घातली. शेवटी मी सांगितलं. मी पाठवलं, दिवाळीच्या आधी पाठवलं, बाबा, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. पाकातल्या तिळाचा वास घरभर भरला होता, आणि तीळ करपले होते हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. अलार्म वाजायला लागला. बाबा उठले नाहीत. काकाच उठले, टेबलावरचं वर्तमानपत्र घेतलं आणि अलार्मखाली उभे राहून वारा घालत राहिले, तो बंद झाल्यावरही कितीतरी वेळ.

त्याच दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातलेला होता. त्यांच्या देशाच्या वकिलातीला पत्र लिहायचं होतं. ते नेहमीसारखे येरझारा घालत नव्हते, भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. मी माझ्या आईचा एकुलता एक मुलगा आहे. मला भाऊ नाही. या मंडळाच्या अंकात छापलेल्या पुजाऱ्याशी माझा काही संबंध नाही, ते टाइप करणाऱ्याच्या अज्ञानातून घडलं. मंडळाच्या सेक्रेटरींचं पत्र सोबत जोडत आहे. मला समोरचं दिसेना. 'भाऊ' या शब्दापाशी माझं बोट घसरलं आणि कागद बिघडला.

"पुन्हा कर," काका म्हणाले. आवाज अगदी शांत होता.

तीनदा बिघडला. तिन्ही वेळा त्यांनी तेच म्हटलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. चौथ्यांदा कागद नीट उतरला. सही करून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पीटरनेही येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं होतं. पण तो स्वतःचा जीव वाचवत होता." मग म्हणाले, "माझा जीव इथे सुखरूप आहे, वैजू. तुझ्या आईच्या खिचडीवर. हे 'नाही' मी आता फक्त माझ्या भावासमोर परत घेईन. तोवर कोणी विचारलं तरी उत्तर हेच."

मी विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"हो," ते म्हणाले. "बुधवारचा डबा आणत जा."

उन्हाळ्याच्या तोंडावर, सुदानमार्गे आलेल्या एका माणसाकडून निरोप आला. चर्चला कुलूप आहे, पुजाऱ्याला हिवाळ्यात ट्रकमधून नेलं, चौथऱ्याखालच्या मुलांसह. कोणत्या आठवड्यात, ते त्या माणसाला सांगता येईना. आमचं पान आधी पोचलं की पत्र, की दोन्हीच्या आधीच कोणी चुगली केली होती, हे कधीच कळलं नाही. आई म्हणायची, कदाचित आपल्यामुळे नसेल. ती मरेपर्यंत म्हणत होती. बाबांनी सेक्रेटरीपद सोडलं आणि नंतर कुठल्याही कार्यक्रमात ते माइकपाशी गेले नाहीत.

मी बुधवारचा डबा नेत राहिले. लग्न होऊन नेपरव्हिलला जाईपर्यंत मी, नंतर आई. ती राजवट कोसळल्यावर काका एकदा गावी जाऊन आले. चर्चमध्ये नवा पुजारी होता, त्याला काही माहीत नव्हतं. परत आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं की चौथरा होता तसाच आहे.

काही वर्षांपूर्वी ते ट्रॉयच्या हॉस्पिटलमध्ये होते, शेवटचे दिवस. मी नेपरव्हिलहून ड्राइव्ह करून गेले होते. भरती करून घेताना नर्सने क्लिपबोर्ड माझ्या हातात दिला. त्यांच्या हातात पेन राहत नव्हतं, म्हणून मी वाचून विचारत होते आणि भरत होते. वय, ॲलर्जी, धर्म. मग आलं, हयात भाऊ-बहिणी. आता भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले.

मी लिहायला घेतलं, पण पेन घसरलं आणि अक्षर बिघडलं. त्यांनी मान वळवून कागदाकडे पाहिलं.

"पुन्हा कर," ते म्हणाले. मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं.